स्वानंदचं कार्ड

लेकरानं आवडीची वस्तू अचानक देऊन टाकली, तर त्याच्याजवळ जाऊन बसावं, असं आई सांगायची. मी ते हसण्यावारी नेलं होतं. परवा कळंबच्या एसटीत लेक मांडीवर झोपली होती आणि पुढच्या सीटवर कॉलेजातली दोन पोरं बोलत होती.

"इंद्रजित, कॉम्प्युटरला दोन ग्राफिक्स कार्डं लावलीस म्हणं. गेम पळतो का मग?"

"कशाचा पळतो! पहिल्यापेक्षा जास्त अडकायलाय."

"बैलजोडी वाटली व्हय तुला? गेम एकाच कार्डावर चालतो, येड्या. दुसरं नुसतं तापतं. आणलंस कुठून?"

"स्वानंदनं दिलं."

"आपल्या स्वानंदनं? तो तर त्या कार्डाला हात लावू देत नव्हता."

"स्वतः काढून दिलं. हेडफोन बी दिला. म्हणला, मला आता लागत न्हाय."

"लागत न्हाय म्हणजे? नवीन कॉम्प्युटर घेतला का?"

"न्हाय."

"मग तू काय इचारलं न्हाईस?"

"इचारलं की. दोन्ही कार्डं कॉम्प्युटरच्या एका डब्यात बसतील का, तेवढंच."

"फोन लाव त्याला."

"लावायलोय. उचलंना."

"ऊठ. जिवाचं काही बरंवाईट करून घेईल तो. इथंच उतरू."

"श्रीनाथ, कोणत्या तोंडानं जाऊ रे? काय म्हणू त्याला?"

"कार्ड बसंना म्हण. तूच येऊन बसवून दे म्हण."

पोरं फाट्यावर उतरून उलट्या दिशेनं पळत गेली. पुढचं मला माहीत नाही. तुमच्याही ओळखीत एखादा स्वानंद असेल. नुसत्या फोनवर भागवू नका, आजच त्याच्या घरी जाऊन बसा.