दादाला म्हणावं, जरा पुढे सरक

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावर विराजमान झालेल्या प्रमुख पाहुण्या, दवाखान्याचे मोठे डॉक्टर, ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो त्या आदरणीय ताई, ताईंच्या घरची मंडळी, कर्मचारी बंधू-भगिनी, माझ्यासारखे पालक, आणि चष्मे लावून पहिली रांग अडवून बसलेल्या बालमित्रांनो,

मी व्यवसायाने शिंपी. भाषण हा माझा प्रांत नाही. आमच्याकडे गिऱ्हाईक बोलतं आणि आम्ही तोंडात टाचण्या धरून मान डोलावतो. मग मला इथे उभं कोणी केलं? ताईंनी. आपल्या निवृत्तीच्या निरोपाला एक तरी पालक बोलला पाहिजे असा त्यांनी हट्ट धरला, आणि तो पालक कोण हेही त्यांनीच ठरवलं. अध्यक्षमहाशयांनी मघाशी माझ्या कानात 'आटोपशीर' एवढंच सांगितलंय. बेतून कापायची सवय आहे मला, काळजी नसावी.

माझ्या आधीच्या वक्त्यांनी ताईंच्या सेवेबद्दल भरभरून सांगितलं. मी फक्त एका खोलीबद्दल सांगतो. या दवाखान्यातली मागची अंधारी खोली. तिचे काळे पडदे मीच शिवलेत, आणि पहिल्या खेपेला दोन बोटं आखूड शिवले, तेव्हा ताईंनी सगळ्यांदेखत माझी जी खरडपट्टी काढली ती इथल्या परिचारिकांना अजून पाठ आहे. बघा, हसल्या.

डोळे तपासणं म्हटलं की आपल्याला भिंतीवरची अक्षरं आठवतात. ताईंचं काम त्याहून वेगळं. लांबचं लख्ख दिसणारं मूलही जवळच्या वस्तूवर नजर नीट लावू शकतं का, लावली तर ती टिकते का, हे त्या बघतात. मुलाला विचारून उपयोग नाही. 'दिसतंय का?' म्हटलं की मूल 'हो' म्हणून मोकळं होतं. म्हणून ताई तसं कधी विचारतच नाहीत. हातातल्या यंत्राने त्या डोळ्यात बारीक उजेड टाकतात. यंत्राला अस्वलाचं चित्र चिकटवलेलं असतं. मुलाने अस्वल बघायचं, ताईंनी मुलाच्या डोळ्यातली बाहुली बघायची. यंत्र जेवढ्या अंतरावर आहे, नेमकी तिथेच नजर लागली की बाहुलीतला उजेड हलायचा थांबतो. नाही लागली तर तो सरकत राहतो. हे सगळं मला ताईंनीच समजावलंय. सांगण्यात चूक असेल तर ती शिंप्याची.

आमच्या धाकटीला घरात भिंगरी म्हणतात. एका जागी बसेल तर शपथ. तिला बसवू शकणारा एकच माणूस होता, तिचा दादा. तो तिच्यासमोर स्टूल ओढायचा, पुस्तक तिच्याकडे तोंड करून धरायचा आणि स्वतः उलटी अक्षरं वाचत तिच्या चुका काढायचा. भांडणं व्हायची, पण धडा पुरा व्हायचा. मग एका वर्षी त्याला ताप आला आणि तो गेला. हे वाक्य मी घरी पुष्कळदा म्हणून बघितलं, इथे अडकायला नको म्हणून. झालं म्हणून.

त्यानंतर भिंगरीला वाचता येईना. अक्षरं विरघळतात, म्हणायची. शाळेतल्या बाईंना वाटलं, नाटक करते. चष्म्याच्या दुकानात सांगितलं, नंबर नाही. शेवटी आम्ही ताईंकडे आलो. मी आणि आमची मंडळी, म्हणजे पोरीची आई, भिंतीला टेकून उभे, भिंगरी उंच खुर्चीत. ताईंनी यंत्र धरलं, अस्वल काय करतंय विचारलं. पोरीला सांगता येईना. ताई म्हणाल्या, "उजेड सरकतोय. नजर जवळ येतच नाही."

एवढ्यात पोर ताईंच्या खांद्यावरून मागे बघायला लागली. तिथे एक रिकामं स्टूल होतं. ताईंनी मागे वळून बघितलं नाही. एवढंच विचारलं, "कोण आहे गं तिथे?"

"दादा."

"बरं. काय करतोय?"

"काही नाही. बसलाय."

आमच्या मंडळींनी माझा दंड इतका घट्ट धरला की पुढे बरेच दिवस तो दुखत होता. दुसरं कोणी असतं तर काय केलं असतं? दिवा लावला असता, पोरीला समजावलं असतं, आम्हाला बाहेर नेऊन हळूच कुठल्यातरी दुसऱ्या डॉक्टरांचा पत्ता दिला असता. ताई यंत्र घेऊन त्या स्टुलाशेजारी जाऊन उभ्या राहिल्या आणि तिथून त्यांनी पोरीच्या डोळ्यात उजेड टाकला. मग म्हणाल्या, "इथे नजर पक्की लागलीये. हवेवर अशी लागत नाही. तिला धरायला काहीतरी लागतं."

ताईंचा आवाज, अंगठा दुखतोय का विचारावं तसा साधा होता. त्या पोरीला म्हणाल्या, "दादाला म्हणावं, जरा पुढे सरक." आणि स्टूल वीतभर पुढे घेतलं.

हाच आमचा उपचार. ताईंनी दिलेले डोळ्यांचे व्यायाम घरी चालू होतेच, पण प्रत्येक खेपेला स्टूल थोडं पुढे यायचं आणि पोरीची नजर त्याच्याबरोबर जवळ यायची. घरी तिला मोठी अक्षरं वाचता यायला लागली. आमची मंडळी दवाखान्याच्या दिवशी सकाळपासून आवरून बसायची, ठेवणीतले कपडे घालायची. एकदा तिने ताईंना विचारलं, "मी बघू का त्यातून?" ताईंनी यंत्र तिच्या हातात दिलं, कसं धरायचं ते दाखवलं. ती पोरीच्या बाहुलीत बघत राहिली आणि म्हणाली, "आहे."

ताईंनी मलाही बोलावलं. मी नाही गेलो. लोकांना वाटतं, काहीच दिसणार नाही याची मला भीती होती. तसं नव्हतं हो.

शेवटी स्टूल हातभर अंतरावर आलं आणि आमची मंडळी अडून बसली. ताईंनी तिला आधीच सांगून ठेवलं होतं की प्रत्येक डोळ्याला एक हद्द असते, वस्तू तिच्याही अलीकडे आली की पुसट होते. ती म्हणाली, "ताई, इथेच थांबवा. तुमच्या पाया पडते. याच्या पुढे नका आणू त्याला."

ताईंनी समजुतीचं एकही वाक्य म्हटलं नाही. त्या म्हणाल्या, "हातभर लांब पुस्तक धरून ती दमते. वर्गात मागे पडलीये. तिच्या डोळ्यांना अजून जवळ यायला हवं. पण तुम्ही दोघांच्या आई आहात. तुम्ही म्हणाल तर मी थांबते."

पोर एकदा आईकडे बघत होती, एकदा स्टुलाकडे. मी बाप असून कोणाच्या बाजूने बोलू तेच मला कळत नव्हतं. मग आमची मंडळी उठली. तिने स्टुलाला दोन्ही हात लावले, बसलेल्या माणसाला धक्का लागू नये अशा बेताने, आणि ते स्वतः पुढे ओढलं. अजून थोडं. मग पार पोरीच्या गुडघ्यांना टेकेपर्यंत.

"पुसट झाला," पोर म्हणाली. मग म्हणाली, "आता नाही दिसत."

आईने विचारलं, "गेला?"

"नाही गं. खूप जवळ आलाय. एवढ्या जवळचं कसं दिसेल?"

ताईंनी तिच्या मांडीवर पुस्तक ठेवलं. ती वाचायला लागली. अडखळत, पण पान पुरं केलं. आमची मंडळी त्या अंधारात तोंडाला पदर लावून जी रडली, ते रडणं घरी वर्षभर साठलेलं होतं. तिथून ती बाहेर आली ती बरीच मोकळी होऊन आली. मी तसाच राहिलो. त्या तिघींनी त्याला आपापल्या परीने बघून घेतलं. मी एकटाच भिंतीला टेकून उभा होतो.

भिंगरी आता स्वतः लहान मुलांना शिकवते. तिसऱ्या रांगेत आईशेजारी बसली आहे. काल रात्री जेवताना मी तिला विचारलं, "बाळा, अजून एकदा त्या खुर्चीत बसशील का, माझ्यासाठी?" ती लगेच हो म्हणाली. म्हणाली, "बाबा, तुम्ही विचाराल म्हणून मी कधीची वाट बघतेय."

तेव्हा ताई, उद्या खोलीची किल्ली देण्याआधी ते यंत्र एकदा माझ्या हातात द्या. उजेड थांबला तर थांबला, सरकत राहिला तरी माझी तक्रार नाही. मला आता बघायचं आहे.

आयोजकांनी मला बोलू दिलं, आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलं, त्याबद्दल ऋणी आहे. अध्यक्षमहाशय, कापड बेतापेक्षा जास्त गेलं, ते पोटात घाला. कुठे उणंअधिक बोललो असेन तर आपला समजून सोडून द्या. ताईंना पुढचं आयुष्य सुखाचं, आरामाचं जावो.

उद्या सकाळी आम्ही चौघं येतो, ताई.