रामकिसन मामांची राहिलेली चाल

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचेही अध्यक्ष माननीय भारतराव, पुण्याहून मुद्दाम आलेले प्रमुख पाहुणे व या शाळेचे माजी विद्यार्थी श्री. अंगद, मुख्याध्यापक महोदय, सत्कारमूर्ती रामकिसन मामा, त्यांच्या शेजारी बसलेल्या कांताबाई मामी, कुंभार पिंपळगावचे ज्येष्ठ ग्रामस्थ, माझे सहकारी, आणि मागे सतरंजीवर दाटीवाटीनं बसलेली नववी ‘ब’ची माझी मुलं. सर्वांना नमस्कार.

मी साधना. या शाळेत संगणक शिकवते आणि याच शाळेत शिकले. सूत्रसंचालकांनी मला पाच मिनिटं दिली आहेत आणि दोन गोड शब्द बोलायला सांगितलं आहे. पाच मिनिटं मी घेते. थोडी जास्तही घेईन. गोड शब्दांचं मात्र आज जमेलसं वाटत नाही.

माझ्या आधी तीन भाषणं झाली. तिन्हींमध्ये मामांना ‘शाळेचे निष्ठावान परिचर’ म्हटलं गेलं. खरंच आहे, त्यांच्या नेमणुकीच्या कागदावर तेच लिहिलंय. प्रयोगशाळा परिचर. परीक्षानळ्या धुवायच्या, खोली उघडायची, खोली लावायची. पण या सभागृहात चाळिशीच्या आतले जे कोणी बसले आहेत, त्यांनी छातीवर हात ठेवून सांगावं, विचार करायला तुम्हाला कोणी शिकवलं? मी माझ्यापुरतं सांगते. मला या परिचरानं शिकवलं, आणि तेही एका खेळातून.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. दोन हजार एक साली शाळेला एक संगणक मिळाला. शाळेत मुलं साडेचारशे आणि संगणक एक. त्याच्यासोबतच्या सीडीमध्ये एक खेळ होता. खेळ तेव्हाच जुना झालेला. परग्रहावरून तबकड्या येतात, शेतात उतरतात, माणसं मारतात, आणि आपले शिपाई त्यांच्याशी लढतात. त्यात घाईगडबड नाही. आधी आपला डाव, मग त्यांचा. आपण सगळे शिपाई हलवून होईपर्यंत समोरचा थांबतो. मामांनी तो उघडून पाहिला आणि म्हणाले, "हे पाव्हणे लई शिस्तीचे हायेत. थांबून राह्यतेत. ह्यो खेळ चाळीस पोरांना पुरंल." तेव्हापासून त्या परग्रहवासीयांना या शाळेत पाव्हणेच म्हणतात.

मामांनी नववीच्या प्रत्येक मुलाच्या नावाचा एक शिपाई केला. मोठ्या सुट्टीत दिवसाला एकच डाव. ज्याचा शिपाई मैदानात, त्यानं एक चाल करायची. कळ दाबायच्या आधी चालवहीत लिहायचं, मी कुठं जातो आणि का जातो. कारण लिहिल्याशिवाय कळ दाबायची नाही. मेलेला शिपाई मेला, त्याचं नाव परत लावायचं नाही. वर्ग बदलायचा, लढाई तीच चालू राहायची. तीन-तीन, चार-चार वर्षं एकच लढाई.

आणि वीज. तुम्हाला आठवत असेल, तेव्हा दिवसातून तीनदा जायची. चाल केली आणि साठवायच्या आत वीज गेली, की यंत्र चाल विसरायचं. मग मामांचा नियम असा होता, वीज आली की वही काढायची आणि लिहिलेली तीच चाल पुन्हा करायची. चुकीची असली तरी तीच.

दोन हजार तीन साली मी नववीत होते. माझ्यासोबत दैवशाला नावाची मैत्रीण मैदानात होती, म्हणजे तिचा शिपाई. मी तिला म्हटलं, तू कुंपणापाशी ये, मी आहे मागं. ती आली. माझ्या चालीला मी तिच्या मागं राहायचं सोडून पडलेली बंदूक उचलायला पळाले. वहीत कारण लिहिलं, ‘बंदूक चांगली आहे.’ कळ दाबली आणि पाव्हणा समोर आलेला दिसला, तेवढ्यात वीज गेली. मला इतका आनंद झाला की काय सांगू. चाल पुसली गेली होती. दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, मामा, मी आता दुसरीकडं जाते. मामा म्हणाले, "वहीत काय लिव्हलंय?" मी म्हटलं, पण यंत्राला कुठं माहीत आहे? ते म्हणाले, "यंत्राला न्हाई. दैवशालाला हाय ना माहीत."

मी तीच चाल पुन्हा केली. दैवशाला मेली. दोन आठवडे ती माझ्याशी बोलली नाही, आणि तिचं बिलकुल चुकलं नाही.

आता आजच्या गोष्टीकडं येते. प्रमुख पाहुण्यांनी, म्हणजे आमच्या अंगदनं, शाळेला दहा नवे संगणक दिले. त्यावर त्या जुन्या खेळाचा नवा अवतार आहे. परदेशातल्या कंपन्यांनी असे जुने खेळ नव्यानं काढायला सुरुवात केली आहे, भरपूर खपतात. अंगद आत्ता म्हणाला, "मामा, तुमचा खेळ मी परत आणला." टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या, कारण तो मनापासून बोलत होता. अंगद, तुझ्यावर माझा राग नाही. थोडा आहे, पण तो तुझ्यापर्यंत पोचेपर्यंत संपेल.

तो नवा खेळ मी घरच्या संगणकावर अकरा दिवस खेळले. चांगला आहे, खोटं कशाला बोलू. चित्रं देखणी, पाव्हण्यांच्या अंगावरचे खवले मोजता येतात. पण जुन्या खेळात शिपायानं नुसती मान वळवली तरी त्याचा वेळ खर्च व्हायचा, गुडघा टेकला तरी, दार उघडलं तरी. पोरं पावलं मोजायची. नव्यात प्रत्येकाला दोन कामं, संपलं. आणि कोपऱ्यात एक बटण आहे, ‘चाल मागे घ्या.’ माझा शिपाई मेला, मी दाबलं, तो उठला. पुन्हा मेला, पुन्हा दाबलं. अकरा दिवसांत मी पृथ्वी वाचवली, माझा एकही माणूस मेला नाही, आणि मला एकाचंही नाव आठवत नाही. हे बटण नको असेल तर सुरुवातीला एका चौकोनात खूण करायची सोय आहे. म्हणजे आपल्या केल्याला आपण जबाबदार राहायचं की नाही, हे त्यांनी आवडीनिवडीत टाकलंय. चहात साखर किती, तसं.

तरी मी त्या खेळाला नावं ठेवायला उभी राहिलेले नाही. दहा संगणक आले, मुलं शिकतील, आनंद आहे. अध्यक्ष महोदय, माझा राग वेगळ्या गोष्टीचा आहे, आणि आपण घड्याळाकडे पाहिलंत ते मला दिसलं.

चोवीस वर्षांत ही शाळा ती लढाई एकदाही जिंकली नाही. पाच वेळा हरली. सहावी लढाई दोन हजार एकोणीसला सुरू झाली. करोनात शाळा दीड वर्ष बंद होती, तेव्हा मामा दर पंधरा दिवसांनी येऊन ते यंत्र अर्धा तास चालू ठेवायचे, आत ओल धरू नये म्हणून. कोणी सांगितलं नव्हतं. या जानेवारीत, पहिल्यांदा, पोरं शेवटच्या मैदानात पोचली. पाव्हण्यांच्या म्होरक्यासमोर. सात शिपाई उरले होते. त्यातल्या एकाचं नाव रामकिसन, कारण मामांचं हे शेवटचं वर्ष म्हणून पोरांनी हट्टानं ते लावलं होतं. गेल्या शुक्रवारी सहाजणांच्या चाली झाल्या. उरली एक, मामांची. आणि मुलांनी ठरवलं, ही चाल आज करायची नाही. एकतीस तारखेला, निरोपाच्या दिवशी, सगळ्या गावासमोर मामांच्या हातून करायची. म्हणून ती आठवडाभर थांबली. लाडापोटी थांबली.

सोमवारी ते यंत्र भंगारात गेलं.

नव्या संगणकांना खोलीत जागा हवी होती, रंग द्यायचा होता, पाहुणे येणार होते. भंगाराच्या यादीत मोडकी बाकं, तीन घंटा, एक फुटका पृथ्वीगोल आणि ‘संगणक संच, जुना, नग एक’. डिसेंबरात मामांनी अर्ज केला होता की निवृत्तीनंतर तेवढं यंत्र मला द्या, लागेल ती किंमत घ्या. संस्थेनं उत्तर दिलं, शाळेची जडवस्तू, म्हणजे नोंदवहीतलं सामान, व्यक्तीला देता येत नाही. मंडळी, व्यक्तीला देता येत नाही, भट्टीला देता येते. मी बुधवारी जालन्याला गेले. भंगारवाल्यानं पोत्यावर बसूनच सांगितलं, "बाई, ते डबे कालच फोडले. पत्रा गेला भट्टीला. तुम्ही जल्दी यायचं असतं."

अध्यक्ष महोदय मला काल म्हणाले, एवढं काय त्यात, तोच खेळ नव्यात आहे, परत सुरू करा. कोणी म्हणालं, वही आहे ना, वहीवरून पुन्हा खेळा. कसं खेळणार? चाल वहीतली असते, गोळी लागली का चुकली हे वहीच्या हातात नसतं. सहा वर्षांत कोण वाचलं आणि कोण गेलं, ते पुन्हा तसंच होणार नाही. आणि मामांच्या निवृत्तीचा कागद आज संध्याकाळी पाच वाजता निघतोय. जुन्यासारखं नवं दुकानात मिळतं, म्हणून जुनं फोडायला आपला हात किती सैल झालाय. ज्या माणसानं चोवीस वर्षं आपल्या पोरांना कारण विचारलं, त्याला एका ओळीचं कारण न देता तुम्ही त्याचं काम पत्र्याच्या भावानं विकलंत. आणि वर शाल घातलीत. मला त्या शालीचा राग येतोय. मामी, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका, शाल चांगली आहे.

मी ‘तुम्ही’ म्हणाले. ते दुरुस्त करते.

निर्लेखनाच्या, म्हणजे जुनं सामान काढून टाकायच्या यादीखाली तिघांच्या सह्या लागतात. अध्यक्षांची, मुख्याध्यापकांची, आणि विषय शिक्षकाची. तिसरी सही माझी आहे. तिसऱ्या आणि चौथ्या तासाच्या मध्ये, दारात उभ्या उभ्या, शाळेच्या शिपायानं पाठ पुढं केली आणि त्याच्या पाठीवर कागद ठेवून मी सही केली. एक्केचाळीस वस्तू होत्या. मी एकही वाचली नाही. शेवटच्या रकान्यात ‘कारण’ असं छापलेलं होतं आणि एक्केचाळीसच्या एक्केचाळीस रकाने कोरे होते. इतर दोघांना त्या यंत्रात काय आहे हे ठाऊक नव्हतं. मला होतं. ते वाचवू शकेल असं या शाळेत एकच माणूस होतं, आणि त्या माणसाला पुढच्या तासाला उशीर होत होता.

मंगळवारी सकाळी मी मामांना सांगायला गेले. ते रिकाम्या टेबलावरची धूळ पुसत होते. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "जाऊ द्या बाई. मी काय लढाई जिंकणार व्हतो?" मला त्यांनी बाई म्हटलं. नववीत असताना पोरी म्हणायचे. मला वाटलं, ओरडावं यांनी माझ्यावर, निदान एकदा. ते पुसत राहिले.

मग मी विचारलं, मामा, तुमची चाल काय होती? बंदूक तर रोखलेलीच होती, म्होरक्या समोर होता. त्यांनी फडकं घडी केलं आणि म्हणाले, "मी कुठं गोळी मारत व्हतो? प्रीतीचा शिपाई जखमी पडला व्हता, रगत जाऊन राह्यलं व्हतं. मी आधी त्याला पट्टी बांधली असती. गोळी काय, दुसऱ्या दिवशी कोणी बी मारलं असतं."

दुसऱ्या दिवशी ते इथं नसते. गोळी मारली असती तर चोवीस वर्षांत पहिल्यांदा शाळा जिंकली असती, त्यांच्या हातून, तुम्हा सगळ्यांसमोर. आणि हा माणूस तिथं नववीतल्या एका मुलीच्या शिपायाला पट्टी बांधत बसणार होता. प्रीती, उठू नकोस, बस. तुला हे कळावं म्हणून सांगितलं.

आपण सर्वांनी माझं बोलणं शांतपणे ऐकून घेतलंत, मध्ये माइक बंद केला नाहीत, त्याबद्दल अध्यक्ष महोदयांचे आणि आपले आभार मानते. अंगदचे आभार मानते, त्याच्या संगणकांवर सोमवारपासून शिकवीन. कांताबाई मामींचे आभार, चोवीस वर्षांच्या मोठ्या सुट्ट्या त्यांच्या घरच्या डब्यावर चालल्या. वेळ जास्त घेतला, मोठ्यांसमोर आवाज चढला, एखादा शब्द कमीजास्त गेला असेल तर तो आपण पोटात घालावा, ही विनंती.

मामा, ती सही मात्र पोटात घालू नका.