एकोणीस सेकंद

परळच्या एका हॉस्पिटलात शेवंतीबाई एक्स-रेसाठी थांबल्या होत्या. त्याच बाकावर मानेला पट्टा बांधलेली एक मुलगी आणि तिच्या गोविंदा पथकाचा कोच बोलत होते. बाक एकच, त्यामुळे त्यांचं बोलणं कानावर पडतच होतं.

"अनुजा, व्हिडिओ बघितलास? एकोणीस सेकंदांत सहा थर. अख्ख्या लालबागमध्ये आपल्या पोरी सगळ्यात फास्ट."

"बघितला. वरचीने हात वर केला की संपतो."

"घड्याळ तिथेच बंद करतात ना."

"मी तळाला होते, दादा. त्यानंतर सगळ्या माझ्या अंगावर आल्या."

"ते व्हिडिओत कशाला टाकायचं?"

"दोन महिने सराव केला आपण. उतरायचा किती दिवस केला, सांग."

"उतरायला कोण वेळ लावतं गं?"

"म्हणजे एकदाही नाही."

"हळू बोल, लोक ऐकतायत."

शेवंतीबाईंनी हातातल्या केसपेपरमध्ये डोकं घातलं.

"डॉक्टर काय म्हणाले?" कोचने विचारलं.

"सहा महिने अंगावर वजन नको. उजव्या हाताची बोटं अजून बधिरच आहेत."

"हं. काल माझगावच्या पोरींनी सतरात लावले."

त्याने खिशातून मोबाईल काढला.

"सतरा? दाखव," अनुजा म्हणाली आणि तिने डावा हात पुढे केला.