कांद्याविना कांद्याची पेशी

आमच्या मुखेडच्या कॉलेजात बारावीची पोरं नुसती पटावर असतात, हे तुम्हाला ठाऊकच हाय. वर्षभर ती लातूरला क्लासमध्ये घोकत बसतात अन् प्रॅक्टिकलच्या परीक्षेला तेवढी एसटीनं इकडं उगवतात. यंदा त्यातल्या एकाला मी म्हणलं, "सूक्ष्मदर्शकात कांद्याची पेशी बघ, अन् जशी दिसती तशीच काढ."

त्यानं क्षणभर डोळा लावला अन् केंद्रकापासून मायटोकाँड्रियापर्यंत सगळं नावांसकट काढून मोकळा झाला.

"एवढं सगळं दिसलं व्हय रे?"

"हाव मॅडम, लई क्लिअर!"

मी हातातली काच त्याच्यापुढं धरली. "कांदा तर अजून माझ्याच हातात हाय. मी काच आत ठेवलीच न्हाई."

पोरगं जरा बी दचकलं न्हाई. "पण आकृती तर बरोबर हाय ना, मॅडम?"

माझं डोकंच फिरलं. बाहेरून आलेल्या परीक्षकांना बोलावून म्हणलं, "सर, यात काय दिसतंय ते तुम्हीच बघा."

सर वाकले. एक डोळा मिटून त्यांनी स्क्रू मागंपुढं फिरवला अन् समाधानानं म्हणाले, "पोराचं बरोबर हाय, मॅडम. फोकस तेवढा हलला होता, मी नीट करून दिला."