अर्धी कबुली

सुधाकरराव: म्हणजे न्यायाधीशापुढं तुम्ही स्वतःच्या तोंडानं बोललात, मारलं म्हणून.

भागीरथा: बोलली. मारलंच होतं मी यशवंतरावाले. बोरिंगवरची घागर उचलली अन् हानली कपाळावर. तीन टाके पडले. मी कवा नाही म्हनलं?

सुधाकरराव: मग वकील म्हणून मला सांगावं लागतं, बाई. गुन्हा कबूल करणाऱ्याला अपील शिक्षेपुरतं असतं, गुन्ह्यावर नाही. आणि शिक्षा तर तुमची भोगून झाली. दंड, अन् कोर्ट उठेपर्यंत बसून राहणं.

बाबाराव: मी तेच सांगून राह्यलो, साहेब. बहीण माझी ऐकत नाही. झालं गेलं, आता तामसीहून बसनं चकरा मारून काय होणार?

भागीरथा: झालं गेलं तुह्यासाठी, दादा. तू मंडल ऑफिसात कारकून हायेस. माह्या अंगनवाडीच्या नोकरीच्या अर्जावर शेरा पडला, मारहानीत सजा झाली, ही बाई चालत नाही. निंदनाले जाऊन जाऊन सातवी केली मी, या शेऱ्यासाठी?

सुधाकरराव: थांबा. कोर्टात काय विचारलं अन् तुम्ही काय म्हणालात? शब्द न् शब्द सांगा.

भागीरथा: न्यायाधीश साहेब तेलुगू मानूस, त्यानं तेलुगूत इचारलं, मारलं का. मी म्हनलं, कोट्टिना, कानी... मारलं, पन... तेवढ्यात आमचा तवाचा वकील उठला, म्हने, कबूल हाये. साहेबानं मान खाली घातली अन् लिवलं. मी बोलूनच राह्यली होती. शिपायानं बाकावर बसवलं. पाच वाजेलोक बसली. समोर यशवंतराव पान खात उभा.

सुधाकरराव: निकालाच्या नकलेत एकच ओळ आहे. ‘आरोपीने गुन्हा कबूल केला.’ कबुली आरोपीच्या शब्दांत लिहायला पाहिजे. इथं तुमचा एक शब्द नाही. यावर सेशन्स कोर्टात जाता येईल. मुदतीचे चार दिवस उरले आहेत. पण तुमचं जे बोलणं राहिलं, ते अपिलात लिहावं लागेल.

बाबाराव: ते नका लिहू, साहेब. घरातली गोष्ट आहे.

भागीरथा: घरातली नाही, बोरिंगवरची हाये. माही पोट्टी पंचफुला, चौदा वर्साची. यशवंतरावाच्या घरच्याइच्या आंदी तिनं पानी भरलं. म्हनून त्यानं वेनी धरून तिले चिखलातून ओढलं, झंपर फाटेपर्यंत. लिवा.

बाबाराव: उद्या तिचं लग्न करायचं आहे. कोर्टाच्या कागदावर पोरीचं नाव अन् फाटलेला झंपर. कोण करून घेईल तिला?

भागीरथा: दादा, त्या वकिलाले मधी उठाले कोनं सांगतलं होतं?

बाबाराव: आता ते काढून काय करतेस?

भागीरथा: सांग.

बाबाराव: मी सांगितलं. पंचफुलेचं नाव निघायच्या आधी आटपा म्हणून.

भागीरथा: महिनाभर मी त्या वकिलाले शिव्या देऊन राह्यली, अन् हा माह्या घरी येऊन चहा पेऊन जाये. साहेब, त्या दिवशी हा बोरिंगवर होता. पोट्टी आरडून राह्यली होती. यानं धावत येऊन हात धरला. माहा. त्याचा नाही.

बाबाराव: तू जीव घेतला असता त्याचा.

भागीरथा: अन् तुले त्याच्याच जिवाची पडली होती.

सुधाकरराव: बाबाराव, पाहिलेलं लिहून द्याल?

बाबाराव: मी सरकारी नोकर. गावात माय राहते माझी. यशवंतरावाच्याच शेजारी.

सुधाकरराव: राहू द्या. भागीरथाबाई, मुलीला विचारलं का?

भागीरथा: सकाळीच इचारलं. म्हने, माये, लिवू दे. साऱ्या गावानं पाह्यलं, कोर्टातल्या साहेबानंच नाही पाह्यलं.

सुधाकरराव: मग करा इथं सही.

(अडीच महिन्यांनी. सेशन्स कोर्टाच्या पायऱ्या. भागीरथा वहाणा घालत होती. खाली भाऊ उभा आहे हे तिला कळलं होतं, पण तिनं मान वर केली नाही.)

सुधाकरराव: शिक्षा रद्द झाली, बाई. ही कबुलीच नव्हे, म्हणाले जजसाहेब. पण केस संपली नाही. खालच्या कोर्टात पहिल्यापासून चालेल.

भागीरथा: अन् अंगनवाडी?

सुधाकरराव: ती जागा दुसऱ्या बाईला गेली. निकाल तुमच्या बाजूनं लागला तर पुढच्या वेळी अर्ज करता येईल. आता परत विचारतील, गुन्हा कबूल का. नाही म्हणायचं.

भागीरथा: मारलं तर हाये ना.

सुधाकरराव: मारणं वेगळं, गुन्हा वेगळा. तुम्ही पोरीला सोडवायला मारलं. ते सांगायचं, सगळं, शेवटपर्यंत. साक्षीदार मात्र पाहिजे. बोरिंगवरच्या बाया येतील?

भागीरथा: शकुबाई येते म्हने. काल तिचा नवरा येऊन गेला, आता नाही म्हनते.

बाबाराव: तारीख कोणती आहे, साहेब?

सुधाकरराव: सोळा.

बाबाराव: मी रजा टाकतो. येतो साक्षीला.

भागीरथा: ये. पन बसमधी माह्या बाजूले बसू नोको.