साड्यांनी काय केलंय?

आमच्या काकांचं चिकपेटमध्ये साड्यांचं दुकान आहे, त्यांचाच किस्सा. आठवड्यातून एक दिवस सुट्टी मिळावी म्हणून तिन्ही सेल्समननी संप केला आणि दुकानाच्या पायरीवरच बसले. काका म्हणाले, "बसा! मी एकटा बघतो."

गिऱ्हाईक आलं. काकांनी ऐटीत वीस साड्या उलगडल्या, एकही खपली नाही. मग घड्या घालायला बसले, तर साडी राहिली बाजूला, काकाच गुंडाळले गेले. पायरीवरच्या मंजण्णाला ते बघवेना. तो तडक आत आला, वीसही घड्या घातल्या आणि परत पायरीवर जाऊन बसला.

काका खूश. "मिटला ना संप?"

"छे हो, अण्णा! संप तुमच्याविरुद्ध आहे. साड्यांनी काय केलंय?"

संध्याकाळी काकांनी सुट्टी मान्य केली. अजून सांगतात, "साड्यांकडे बघून दिली."