खरबुजाला ऊब

दवाखान्याच्या बाकावर शिंपी मफलर गुंडाळून कुडकुडत बसला होता. शेजारच्या सासू-सुनेचं बोलणं कानावर पडू नये अशी सोयच नव्हती.

"आई, एक्स-रेला सगळं उतरवायला लावतात. उराशी बांधलेलं ते बियांचं फडकं माझ्याकडे द्या."

"तुझे हात म्हणजे बर्फ. कालच मोड दिसलाय. गारठला की संपलं."

"खरबूज आहे ते, नातू नाही."

"नातवाची घाई मी कधी केली का?"

"नाही."

"मग खरबुजाची करू दे. दोनदा मातीत पेरलं, दोनदा थंडीनं कुजलं. ताई गेली, तिची बाग गेली. तिच्या एवढ्या तीनच बिया उरल्यात. पुन्हा कुणाकडे मागू?"

"आणि तुमच्या छातीत दुखतंय त्याचं काय?"

"ते थांबेल जरा. मोड थांबत नाही."

आतून नर्सनं हाक मारली. सासू उठली, पुन्हा बसली आणि शिंप्याकडे वळली.

"भाऊ, ताप आहे वाटतं तुम्हाला?"

"एकशे दोन."

"देव पावला. एवढं फडकं काखेत धरता? आणि हे बघा, बरं वाटायला लागलं तर लगेच हिला सांगा."

ती आत गेली. शिंप्यानं काख घट्ट मिटली आणि मघाशी नर्सनं दिलेली तापाची गोळी खिशात टाकली.